शील मोडले म्हणून शील सोडायचे काय?

आपल्या समाजात दोन प्रकारची माणसे वारंवार भेटतात. पहिल्याला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असतात. पंचशील घेताना त्याचा आवाज सभेत सगळ्यांत मोठा असतो. त्याच रात्री तो मित्रमंडळींत बसून पेला उचलतो आणि कुणी हटकले तर हसत म्हणतो, "अहो, एवढे काय मनावर घेता? सगळे पाळतो कोण?" दुसरा माणूस याच्या नेमका उलट. त्याने दहा-दहा वर्षे दारूला हात लावलेला नसतो. घरातून देव-देवस्की हद्दपार केलेली असते. मग एखाद्या लग्नात, एखाद्या दुःखात, मन खचलेल्या वेळी तो घसरतो. दुसऱ्या दिवसापासून विहाराकडे जाणारा रस्ताच तो टाळू लागतो. त्याला वाटते, आता कुठल्या तोंडाने वंदनेला उभे राहायचे?

पहिल्यावर आपण भरपूर लिहितो, बोलतो, टीका करतो. ते योग्यच आहे. दुसऱ्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. तो भांडत नाही, पक्ष बदलत नाही, दुसऱ्या छावणीत जात नाही. तो फक्त येईनासा होतो. त्याच्यामागे त्याची बायको येईनाशी होते, मग मुले येईनाशी होतात. चळवळीची एक खुर्ची रिकामी होते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चळवळीचे खरे नुकसान कुणामुळे होते? ढोंग्यामुळे होतेच. परंतु प्रामाणिक माणूस लाजेपायी घरी बसतो त्यामुळे होणारे नुकसान त्याहून कमी नाही. आजचा हा लेख मुख्यतः या दुसऱ्या माणसासाठी आहे. पहिल्याने मात्र त्याचा आधार घेऊन सुटका करून घेऊ नये.

मुळात आपण पंचशील घेतो म्हणजे काय घेतो, याचा विचार करू या. पंचशिलाच्या प्रत्येक ओळीत 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिक्षणाचा नियम, शिकण्याचे एकेक पाऊल. 'समादियामि' म्हणजे मी ते स्वतःहून अंगीकारतो. कुणी वरून दिलेला हा हुकूम नाही. मी आजपासून पूर्ण निर्दोष झालो, असा दाखलाही तो नाही. प्राणिहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचे शिक्षण मी घेतो, एवढाच त्याचा सरळ अर्थ. शिकणारा चुकतो म्हणून तो विद्यार्थी राहत नाही काय? गणित चुकले म्हणून पाटी फोडणाऱ्या मुलाला आपण शहाणा म्हणत नाही. ज्याने पाटी पुसून पुन्हा गणित मांडले, त्यालाच पुढे गणित येते.

यामुळेच आपण पंचशील आयुष्यात एकदाच घेऊन थांबत नाही. लग्नात घेतो, नामकरणात घेतो, पुण्यानुमोदनात घेतो, जयंतीला घेतो, दर पौर्णिमेला घेतो. एकदा घेतल्याने कायमचे काम झाले असते, तर दर वेळी नव्याने घेण्याचे कारणच काय होते? दर वेळी घ्यायचे, कारण दरम्यानच्या काळात कुठे ना कुठे ते सैल झालेले असते. म्हणून ज्याचे शील काल मोडले, त्यानेच आज वंदनेला पहिल्या रांगेत उभे राहिले पाहिजे.

इथे धम्म आणि देवाधर्माच्या कल्पना यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे. जिथे देव आहे, तिथे चूक म्हणजे देवाचा अपराध. तो धुऊन काढायला नदीचे स्नान आहे, नवस आहे, अभिषेक आहे, प्रायश्चित्त सांगणारा आणि दक्षिणा घेणारा मध्यस्थ आहे. बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढले. धम्मात तुमचे पाप धुणारा कुणी नाही आणि तुम्हाला कायमचा नरकात टाकणाराही कुणी नाही. ही मोकळीक मोठी आहे आणि जबाबदारीही तितकीच मोठी आहे. चूक झाली तर ती पाहायची आपणच, मान्य करायची आपणच, सुधारायची आपणच. आपण देव सोडले, पण देवाधर्माने मनात भरलेली विटाळाची भावना पुरती सोडली काय? एकदा चुकलो म्हणजे बाटलो, आता आपला स्पर्श विहाराला नको, असे जेव्हा आपलाच माणूस मनातल्या मनात म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडून धम्म बोलत नसतो, जुना विटाळच बोलत असतो.

तथागतांनी आपल्या मुलाला, राहुलाला केलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रामण्य भांड्यात उरलेल्या थेंबभर पाण्याइतके असते, असे त्यांनी राहुलाला भांडे दाखवून सांगितले. हा झाला पहिल्या प्रकारच्या माणसाला इशारा. पण तथागत तिथे थांबले नाहीत. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी राहुलाला विचारले आणि सांगितले की, कृती करण्यापूर्वी, करत असताना आणि केल्यानंतरही तशीच ती निरखून पाहावी. केल्यानंतर ती अहितकारक होती असे दिसले, तर ती शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे उघड करावी आणि पुढे संयम पाळावा. लक्षात घ्या, या उपदेशात केल्यानंतरचीही पायरी आहे. माणूस चुकणारच नाही असे तथागतांनी गृहीत धरले असते, तर या तिसऱ्या पायरीची गरजच पडली नसती.

सम्राट अशोकाने बैराट येथील लेखात भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी पुनःपुन्हा ऐकावेत आणि मनन करावेत असे काही धम्मग्रंथ नावाने सांगितले आहेत. त्यात असत्याविषयी राहुलाला केलेला उपदेश आहे. अशोकाने तो नुसता दुसऱ्यांना सांगितला नाही. त्याच्या पहिल्या शिलालेखात तो म्हणतो की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात. आता फक्त तीन मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत.

बांधवांनो, या लेखाचा विचार करा. ज्याच्या राज्याला सीमा नव्हती, ज्याला जाब विचारणारा कुणी नव्हता, त्या राजाला प्राणिहत्या पूर्ण बंद केली असे खोदून घ्यायला काय अडचण होती? त्याच लेखात प्रजेला हत्या करू नका असे सांगताना, माझ्याच स्वयंपाकघरात अजून तीन प्राणी मरतात हे त्याने दगडावर लिहून ठेवले. तिघांच्या हत्येची लाज वाटली म्हणून त्याने अहिंसेचे मूल्य सोडले नाही आणि मूल्य मोठे आहे म्हणून ते तीन प्राणी लपवलेही नाहीत. कालपर्यंत किती होते, आज किती आहेत, उद्या किती राहणार नाहीत, असा सरळ हिशोब त्याने मांडला. मूल्यांशी प्रामाणिक राहणे म्हणतात ते याला. कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसे पकडून नेली गेली, हे आकडेही आपल्याला त्याच्याच तेराव्या शिलालेखातून कळतात. आपल्या हातून झालेले एवढे मोठे दुष्कृत्य त्याने दगडात कोरले आणि त्याबद्दलचा पश्चात्तापही कोरला.

आपले विरोधक आपल्याला नेहमी टोमणा मारतात, "तुमचेच लोक पितात, तुमच्याच घरात अजून देव निघतात, मग कसल्या तुमच्या बावीस प्रतिज्ञा?" अशा वेळी आपल्यातील काही जण खाली मान घालतात. याला उत्तर संविधानात आहे. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. २६ जानेवारी १९५० पासून ते कलम अमलात आहे. तरीही १९५५ साली वेगळा कायदा करावा लागला आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला. आजही गावोगाव अत्याचार होतात. म्हणून कलम १७ खोटे आहे, ते काढून टाका, असे आपण म्हणतो काय? आपण उलट म्हणतो. ते कलम आहे म्हणूनच अत्याचाराला गुन्हा म्हणता येते, पोलीस ठाण्यात जाब विचारता येतो, न्यायालयात उभे राहता येते. मोजपट्टी असल्याशिवाय किती कमी पडले हे कळत नाही. कमी पडले म्हणून मोजपट्टी मोडणारा माणूस शहाणा नव्हे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हेच सांगितले होते. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करत आहोत, राजकारणात समता असेल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल, हे त्यांनी सभागृहापुढे उघडपणे मांडले. विसंगती आहे म्हणून समतेचे ध्येय सोडा, असे ते म्हणाले नाहीत. विसंगती आहे म्हणून गप्प बसा, असेही म्हणाले नाहीत. ही विसंगती लवकरात लवकर दूर करा, नाहीतर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची ही इमारत उद्ध्वस्त करतील, असा इशारा त्यांनी दिला. देशाला लावलेला हा नियम व्यक्तीलाही लागू आहे. प्रतिज्ञा आणि आचरण यांत अंतर असेल तर ते अंतर कबूल करायचे, मोजायचे आणि कमी करायचे. अंतर झाकणारा ढोंगी होतो. अंतराला भिऊन प्रतिज्ञाच टाकून देणारा पराभूत होतो.

आता एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. सगळ्या चुका एका तागडीत तोलता येत नाहीत. ज्या चुकीत नुकसान स्वतःचेच आहे ती वेगळी आणि जिच्यात दुसऱ्याचा बळी जातो ती वेगळी. दारू पिऊन बायकोवर हात उगारणारा, मुलाच्या लग्नात हुंडा मागणारा, जयंतीच्या वर्गणीचा हिशोब न देणारा, पोटजात पाहून सोयरीक मोडणारा, हे सगळे उद्या "आम्हीही शिकतोच आहोत, एखादे वेळी पाऊल घसरते" असे म्हणून या लेखाचा दाखला देऊ लागले, तर तो धम्माचा विपर्यास होईल. तिथे आधी विचार करायचा तो मार खाणाऱ्या भगिनीचा, हुंड्यापायी कर्जबाजारी झालेल्या बापाचा. त्यांना न्याय मिळाल्यानंतर मग चुकलेल्याच्या सुधारणेची गोष्ट. समाजाची बदनामी नको म्हणून अशी प्रकरणे विहाराच्या चार भिंतींत दाबणे म्हणजे करुणा नव्हे. ती चुकीत भागीदारी आहे.

अंगुलिमालाची कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण तिचा शेवट पुष्कळदा सांगायचा राहून जातो. संघात आल्यानंतरही तो भिक्षेला जाई तेव्हा लोकांचे दगड-धोंडे त्याच्या अंगावर पडत. डोके फुटून, रक्ताने माखून तो तथागतांकडे आला, तेव्हा हे सहन कर, असेच त्यांनी त्याला सांगितले. संघाचे दार त्याच्यासाठी बंद झाले नाही, पण केलेल्या कर्माचे परिणामही पुसले गेले नाहीत. परत येण्याचा मार्ग खुला असणे आणि जबाबदारीतून सुटका होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. वजनदार माणसाची जबाबदारी माफ होते आणि साध्या माणसाला परतीचा रस्ता मिळत नाही.

चूक कुठून येते हेही पाहिले पाहिजे. लोभातून येणारी चूक, सवयीतून येणारी चूक आणि भीतीतून येणारी चूक यांवर एकच औषध चालत नाही. घरात नातवाला ताप चढतो, दवाखान्यात गर्दी असते, खिशात पैसे नसतात, आणि आजी गुपचूप अंगारा आणून त्याच्या कपाळाला लावते. तिने प्रतिज्ञा मोडली हे खरे. पण तिला चार माणसांत "तू कसली बौद्ध" म्हणून हिणवणाऱ्या तरुण कार्यकर्त्याने त्या रात्री मुलाला दवाखान्यात नेले होते काय? तिचा अंगारा हा श्रद्धेपेक्षा एकटेपणाचा पुरावा असतो. ज्या वस्तीत रात्री-अपरात्री धावून येणारे चार कार्यकर्ते आहेत, तिथे अंगाऱ्याची गरज आपोआप कमी होते. दारूचेही तसेच. कधीतरी घसरलेला वेगळा आणि दारूच्या आहारी गेलेला वेगळा. दुसऱ्याला व्यसनाचा आजार आहे. त्याला भाषण देऊन उपयोग नाही. त्याला डॉक्टरकडे, व्यसनमुक्ती केंद्रात न्यावे लागते आणि तो परत आल्यावर जवळ बसवावे लागते.

१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे २७ लाख ९० हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ६५ लाख ३१ हजार झाली. ही संख्या आपल्याला अभिमानास्पद आहे. परंतु जनगणनेचा कागद आपला धर्म विचारतो, आपले आचरण विचारत नाही. ते विचारण्याची व्यवस्था आपल्यालाच उभी करावी लागेल. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या जबाबदारीची जाणीव करून दिली होती. आपल्या वागण्याने धम्माला कमीपणा येईल असे होऊ देऊ नका, असे त्यांनी बजावले आणि प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा या कार्यासाठी द्यावा असेही सांगितले. दीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नव्या बौद्ध समाजाची आचरणाची घडी बसवायला त्यांना काळाने वेळ दिला नाही. ते काम तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसांवर येऊन पडले आहे.

मग करायचे काय? भिक्खुसंघाची एक जुनी प्रथा आपल्याला मार्ग दाखवू शकते. वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. प्रत्येक भिक्खू स्वतःच संघाला विनंती करतो की, माझ्याविषयी तुम्ही जे पाहिले, ऐकले किंवा ज्याची तुम्हाला शंका आली, ते मला करुणेने सांगा, मी ते दुरुस्त करीन. यात दुसऱ्याची चूक शोधत फिरणे नाही. स्वतःहून दार उघडणे आहे. आपल्या विहारांतून आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन होते. त्या तीन महिन्यांच्या शेवटी पाच-सहा विश्वासू उपासक-उपासिकांनी एकत्र बसून एकमेकांना असे विचारायला काय हरकत आहे? भाषण नको, ध्वनिक्षेपक नको, मोबाईलवर चित्रीकरण नको, आणि तिथे बोललेले बाहेर जाणार नाही हा पक्का नियम हवा. सुरुवात कार्यकर्त्यांनी आणि पदाधिकाऱ्यांनी करावी. अशोकाने आपल्या स्वयंपाकघरापासून सुरुवात केली होती, शेजाऱ्याच्या नाही.

प्रत्येकाने घरच्या घरीही एवढे करता येईल. पाचही शिले आणि बावीसही प्रतिज्ञा एका दमात पाळण्याचा संकल्प पुष्कळदा आठ दिवसांत विरतो. त्याऐवजी सर्वांत जास्त कुठे घसरतो ते एक ठिकाण निवडावे. कुणाचे ते दारू असेल, कुणाचे खोटे बोलणे असेल, कुणाचे विसावा हिस्सा न देणे असेल, कुणाचे मुहूर्त पाहणे असेल. महिनाभर तेवढेच सांभाळावे. मोडले तर त्याच दिवशी घरच्यांपुढे कबूल करून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे. मुलांसमोर बापाने "काल माझे चुकले, आजपासून पुन्हा" असे म्हटल्याने बापाची किंमत कमी होत नाही. भिंतीवरच्या तसबिरीला हार घालण्यापेक्षा त्या एका वाक्यातून मुले धम्म अधिक शिकतात.

आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. जो माणूस येईनासा झाला आहे, त्याच्या घरी जा. का येत नाही म्हणून जाब विचारू नका. त्याच्या चुकीची चर्चा पारावर करू नका. येत्या पौर्णिमेला वंदनेला येताना त्याला सोबत घेऊन या, एवढेच करा. पंचशील तो पुन्हा घेईल. आपणही सगळे त्याच्याबरोबर पुन्हाच घेणार आहोत.

जयभीम!